राजदूत हुडकताना

जुळे सोलापुरातून आम्ही पाचजणी बोलतोय, एकाच बचत गटातल्या. पापड, शेंगाचटणी, कर्जाचे हप्ते यावर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही जुन्या मोटारसायकलींवर बोलणार आहोत. राजदूत, जावा, येझदी, बुलेट. हसू नका. आमच्या घरातही सगळे हसले होते. "हे बाप्यांचं काम, तुम्ही कशाला त्यात पडताय?" असं म्हणाले होते. शेवटपर्यंत ऐका, मग कुणाचं काम ते तुम्हीच ठरवा.

आमच्यातल्या एकीची आई सत्तरीला आली आहे. आम्ही सगळ्या तिला काकूच म्हणतो. गाव मंद्रूपच्या बाजूला. घरी पंढरपुरी म्हशी होत्या आणि काका रोज पहाटे सोलापुरात दूध घालायला यायचे. गाडी राजदूत. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मधे काका. पहाटे चारला किकचा आवाज झाला की काकू चुलीवर चहा ठेवायची. त्या गाडीनं दोन मुलींची शाळा झाली, कॉलेज झालं, लग्नं झाली. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला चौघं त्याच गाडीवर. एक मुलगी टाकीवर, एक मधे, मागं काकू पदर सावरत.

काका गेल्यावर गाडी गोठ्यात पडून राहिली. सीटवर कोंबड्या बसायला लागल्या. एक दिवस भंगारवाला आला आणि म्हणाला, "पंधरा वर्षांच्या वरच्या गाड्या सरकारनं बंद केल्यात. पोलीस उचलून नेतील, वर दंडबी भरायला लागंल." काकू घाबरली. अडीच हजारात गाडी दिली, सोबत आरसी बुकही देऊन टाकलं. काकांच्या बनियनचा फडका हँडलला बांधलेला होता, तोसुद्धा तसाच गेला.

यंदा गड्ड्याहून परत येताना रस्त्यात मागून आवाज आला. काकू थांबली. मान न वळवता म्हणाली, "राजदूत आहे." खरंच होती. एक कॉलेजचा पोरगा चकचकीत रंगवलेली राजदूत घेऊन गेला. काकू घरापर्यंत काही बोलली नाही. रात्री लेकीला म्हणाली, "तसली एक मिळंल का गं? मालकांची नाही तर नाही. तसली."

काकूकडे म्हैस विकल्याचे चाळीस हजार होते. आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं की गटाचा पैसा या कामाला लावायचा नाही. हौस काकूची, पैसा काकूचा, पायपीट आमची.

हुडकायचं कुठं, हेच आधी कळेना. चौकशी करत एका जुन्या मिस्त्रीकडे पोचलो. वय झालेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पाच बायका गॅरेजात उभ्या बघून म्हणाले, "काय हुडकायलाव बाई?" राजदूत म्हटल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, चहा मागवला आणि आमची शाळा घेतली.

त्यांच्याकडून कळलेलं थोडक्यात सांगतो. बुलेट मूळची इंग्लंडची. आपल्या लष्कराला लागली म्हणून १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. जावा चेकोस्लोव्हाकियाची. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. १९७३ पासून तिथल्याच गाडीला येझदी हे नाव पडलं. १९९६ साली तो कारखाना बंद झाला. राजदूत बनवली फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं, ट्रॅक्टरवाली तीच. पोलंड देशातली एस.एच.एल. नावाची एक गाडी होती, तिच्यावरून राजदूत निघाली. १९७३ साली 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर आणि डिंपल ज्या बुटक्या गाडीवर बसले होते, तीही राजदूतच, छोट्या चाकांची. पण खेड्यात चालली ती मोठी राजदूत. दणकट, साधी, कच्च्या रस्त्याला न घाबरणारी. म्हणून ती दूधवाल्याची गाडी झाली.

या राजदूत आणि येझदी दोन्ही टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकायचं, मागून निळसर धूर निघणार. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली. तेवढ्याच पेट्रोलमध्ये ती कितीतरी लांब जायची. पुढं धुराचे नियमही कडक झाले. मग या जुन्या गाड्या हळूहळू गोठ्यात आणि परड्यात गेल्या.

चाचांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती तेव्हा आम्हाला नीट कळली नाही. म्हणाले, "इंजिन मेलं तर मी उठवतो. कागद मेला तर कोण उठवणार? आधी कागद बघा, मग गाडी."

मग आमची शोधाशोध सुरू झाली. आधी वाटलं शहरात मिळेल. पण शहरात होत्या त्या हौशी लोकांनी दुरुस्त करून ठेवलेल्या, किंमत काकूच्या आवाक्याबाहेर. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात टाकी मिळेल, हँडल मिळेल, पण अख्खी गाडी नाही. दुकानदार म्हणाला, "पुण्या-मुंबईचे, बेंगळूरचे लोक येतात आणि खेड्यातनं उचलून नेतात. आता खोल गावात जावं लागंल."

कुणीतरी म्हणालं, सीमेपलीकडे स्वस्त मिळतात. आमचं जुळे सोलापूर विजापूर रस्त्यालाच. म्हटलं, बघू या. भीमेवरचा पूल ओलांडून इंडी तालुक्यात गेलो. आमच्यातल्या एकीचं माहेर तिकडचं, कन्नड तिला येतं. तिथं आम्हाला राजदूतपेक्षा येझदीच जास्त दिसल्या. म्हैसूरची गाडी, तिकडं जास्त असणारच. येझदीची एक गंमत तिथं कळली. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. किक मारून झाली की तोच दांडा पुढं घ्यायचा आणि गिअर टाकायचा. सायलेन्सर दोन, एका बाजूला एक. गाडी खरी की जोडाजोडीची, हे बघायची ही सोपी खूण.

एक राजदूतही सापडली तिथं, पंधरा हजारात. हरखलो. पण चाचांचं वाक्य आठवलं आणि कागद मागितले. कर्नाटकचा नंबर. ती आपल्याकडे आणायची तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागणार. मग आपल्याकडे पुन्हा नोंदणी, इथला कर, नवा नंबर. आणि ज्याच्या नावावर गाडी, तो माणूस वारलेला, मुलं तीन गावांत. गाडी स्वस्त होती, पण तिच्या कागदांची वाट फार लांबची होती. सोडून दिली.

तीन महिन्यांत आम्ही अकरा गाड्या बघितल्या. मैत्रिणींनो, त्यातल्या सात घरांत गाडीचा मालक वारलेला होता. दार उघडायला बाई. गाडी दाखवायला बाई. आणि किंमत विचारली की तीच बाई म्हणायची, "थांबा, दिरांना विचारते," नाहीतर "पोराला फोन लावते." कागद कुठं आहेत, सातपैकी पाचजणींना माहीत नव्हतं. दोघींनी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दलालाला देऊन टाकल्या होत्या. गाडी शोधायला निघालो होतो आम्ही, पण प्रत्येक दारात आम्हाला काकूच दिसायला लागली.

मग मंगळवेढ्याच्या पुढचं ते गाव आलं. ज्वारीची काढणी संपली होती. एका परड्यात कडब्याच्या पेंढ्यांखाली राजदूत उभी होती. टायर गेलेले, सीट उंदरांनी खाल्लेली. पण टाकी मूळची, इंजिन जागेवर, मडगार्ड न कापलेलं. घरात एक वहिनी, चाळिशीच्या आतल्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. गाडी मूळची सासऱ्यांची, पण त्यांनी हयातीतच मुलाच्या नावावर करून दिलेली. वहिनी म्हणाल्या, "भंगारवाला तीन हजार म्हणालाय, परवा येतोय. तुम्ही पाच द्या आणि आजच घेऊन जा. जागा तरी मोकळी हुईल."

पाच हजार! आमच्यातल्या एकीनं दुसरीचा हात दाबला. काकूच्या पिशवीत चाळीस होते. टेम्पो सांगायचा, गाडी चढवायची, संध्याकाळी जुळे सोलापूर. आम्ही पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो. खोटं कशाला बोलू, दोघींचं मत होतं की घेऊन टाकू या. बाई स्वतःच किंमत सांगतेय, आपण थोडंच फसवतोय? भंगारवाल्यापेक्षा दोन हजार जास्तच देतोय की.

काकू हौदाच्या कडेला बसली होती. म्हणाली, "माझ्या दारात तो भंगारवाला आला, त्या दिवशी त्याच्या जागी तुम्ही पाचजणी आला असता, तर मला काय सांगितलं असतं?"

कुणीच काही बोललं नाही. मग आत गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. पंधरा वर्षांनी गाडी आपोआप भंगार होत नाही. या गाडीला भंगाराच्या कितीतरी पट किंमत येते. कागद नावावर करून घेतलेत तर आणखी चांगली येईल. आणि कागद न बदलता गाडी दिलीत, तर उद्या त्या गाडीनं अपघात झाला की नोटीस याच पत्त्यावर येईल.

वहिनी आमच्याकडे संशयानं बघायला लागल्या. "मग ह्यात तुमचा काय फायदा?" अगदी बरोबर प्रश्न. काकूनं सांगितलं, "फायदा न्हाई. गाडी पायजे मला. पण अशी नको."

दीर कुरकुरले, पण सासूबाईंनी आतली पत्र्याची ट्रंक आणायला लावली. त्यात आरसी बुक निघालं, १९८१ सालचं. कराच्या पावत्या सुतळीनं बांधलेल्या. बुकात वहिनींच्या मालकांचं नाव चढवलेलं. आम्ही पेन्सिल आणि कागद नेला होता. चासीवरच्या आणि इंजिनवरच्या नंबरांची छाप काढून बुकातल्या नंबरांशी ताडून बघितली. जुळले. गाडी खरी होती.

मग आम्ही आरटीओत चौकशी केली, एका वकीलबाईंनाही विचारलं. जे कळलं ते नीट ऐका, कारण ते जुन्या राजदूतलाच नाही, तुमच्या दारातल्या प्रत्येक गाडीला लागू आहे. जवळ कुणी लिहिणारी असेल तर तिला लिहून घ्यायला सांगा.

पहिली गोष्ट. मालक वारले तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. वारसाला तीन महिने ती गाडी वापरता येते. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायला अर्ज करायचा. सोबत आरसी, मृत्यूचा दाखला, विमा, धुराचं प्रमाणपत्र आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, फक्त जास्तीचे पैसे भरावे लागतात. वहिनींना चार वर्षं झाली होती, तरी काम झालं.

दुसरी. वारस म्हणजे फक्त मुलगा नाही. हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगे, मुली आणि वारलेल्या माणसाची आई, सगळ्यांचा हक्क आहे. म्हणून इतरांची संमती लागते. वहिनींना सासूबाईंची आणि मुलांची घ्यावी लागली. दिरांचा त्यात हक्क नव्हता, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

तिसरी. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षं चालते. नंतर गाडी दाखवून, ती ठीक असेल तर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, आणि गाडी जितकी जुनी तितका खर्च जास्त. हे आकडे बदलत राहतात, म्हणून जायच्या आधी विचारून घ्या. दिल्लीच्या बाजूला जुन्या गाड्यांवर वेगळी बंधनं आली, त्याचीच भीती आपल्याकडे भंगारवाले घालतात.

चौथी. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनी तिला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरं येतात. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. म्हणजे दूध घालायला चालणार नाही. पण तुमच्या घरात पन्नास वर्षांपूर्वीची गाडी असेल, तर घेणारा तिच्याकडे कोणत्या नजरेनं बघतो, हे यावरून समजून घ्या.

पाचवी, आणि सगळ्यात महत्त्वाची. गाडी विकली तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं का ते स्वतः बघा. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यापुढे मालक. मधे गाडी चार हात फिरली असली तरी. आणि गाडी खरंच मोडीत काढायची असेल तर ते चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. काकूच्या जुन्या गाडीचं हेच राहिलं होतं. काकांच्या नावाची ती गाडी आज तुकडे होऊन पडलीय की कुठं पळतेय, कुणाला माहीत? आरसी बुक नव्हतं, पण एका जुन्या विम्याच्या कागदावर नंबर मिळाला. त्यावरून लेकीनं आरटीओत लेखी अर्ज दिला, पोच घेतली.

आणि सहावी, नवी गाडी असणाऱ्यांसाठी. २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून नॉमिनीचं नाव घालता येतं. मालक हयात आहेत तोवर हे करून घ्या. यात अभद्र काही नाही. बँकेच्या पासबुकात घालतोच ना आपण?

तर वहिनींचं काम सुरू झालं. किती हेलपाटे झाले ते विचारू नका. जुनी नोंद संगणकावर चढलेली नव्हती, ती आधी चढवावी लागली. आमच्यातली एक दोनदा त्यांच्यासोबत गेली. मधे पेरण्या आल्या, सण आले. आम्ही फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. घाई आपण केली की किंमत त्यांची राहत नाही, आपली होते.

दिवाळी झाल्यावर वहिनींचा फोन आला. "नाव चढलं. आता बोला." आम्ही विचारलं, किंमत किती? त्या म्हणाल्या, "दोघं येऊन बघून गेले. मी अठ्ठावीस म्हणते." दिरांना विचारते म्हणाल्या नाहीत.

काकूनं घासाघीस केली नाही. अठ्ठावीस हजार मोजून दिले. पाच हजारात मिळणारी गाडी आम्ही अठ्ठावीसला घेतली, म्हणून आमच्या घरच्यांनी आम्हाला अजून सोडलेलं नाही. चाचांनी महिनाभर खपून इंजिन उठवलं. चाळीस संपले, वर थोडे लेकीनं घातले. पहिल्यांदा किक बसली तेव्हा सगळं गॅरेज धुरानं भरलं आणि काकू खोकत खोकत हसत होती.

गाडीची आरसी काकूच्या नावावर झाली. घर काकांच्या नावावर होतं, शेत दिरांसोबत सामाईक, गॅसचं पुस्तकसुद्धा काकांचंच होतं. सत्तरीत तिच्या नावावर पहिलं वाहन आलं. ती काही चालवणार नाही. लेक चालवणार आहे. लेकीकडे स्कूटीचं, म्हणजे विनागिअर गाडीचं लायसन्स होतं. ते राजदूतला चालत नाही, म्हणून तिनं गिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढलंय. संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या मोकळ्या मैदानात तिची शिकवणी चालते. गाडी बंद पडते, ती पुन्हा किक मारते, आम्ही कडेला उभ्या राहून सूचना देतो. चालवता आमच्यापैकी एकीलाही येत नाही, सूचना मात्र सगळ्यांना येतात.

हँडलला काकूनं एक फडका बांधलाय. स्वतःच्या जुन्या लुगड्याचा.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. ट्रंक उघडा, कपाट उघडा. दारात मोटारसायकल असेल, स्कूटर असेल, ट्रॅक्टर असेल, तिची आरसी बाहेर काढा. त्यावर कुणाचं नाव आहे, मुदत कधी संपते, नॉमिनी आहे का, ते वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. पुढच्या बैठकीला हप्त्यांच्या वहीसोबत ती माहितीही घेऊन या आणि एकमेकींना सांगा. आणि दारात भंगारवाला आला तर त्याला चहा द्या, पण उत्तर त्या दिवशी देऊ नका.